शेंड्यापर्यंत चढलेलं पाणी

रणधवल राजानं आंबेखळीचं पाणी तोडलं! दर आठव्या दिवशी पाटाला येणारी पाळी आता महिन्यातून एकदाच येणार, अशी दवंडी गावात पिटली गेली. कारण काय? तर राजवाड्याच्या बागेत एकशे एक कारंजी बसवली होती आणि ती सतत उडती ठेवायची होती!

कारंजी उडाली. इतकी उडाली, की दरबारी लोक छत्र्या धरून मुजरे करू लागले, राजवैद्य दोनदा घसरून पडले आणि बागेतले मोर शिंकू लागले. इकडे आंबेखळीत मात्र उभा ऊस पिवळा पडला. पाटाच्या शेपटाला असलेल्या रानांत तर महिन्याची पाळीही पोचेना.

शेवटी अख्खा गाव उठला. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळे वाळल्या पाचटाचे भारे घेऊन राजवाड्यावर गेले आणि कारंज्यांभोवती फतकल मारून बसले.

"जुनी पाळी द्या, नाहीतर उठणार नाही!"

राजा गच्चीवर आला. हट्टाला पेटला की तो ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसे. "दवंडी पिटली ती पिटली! पाणी मिळणार नाही!"

प्रधान त्र्यंबकपंत हळूच पुढे सरकले. कारंज्यांची कल्पना त्यांचीच होती. "महाराज, साफ नाही म्हणू नये. अट घालावी," असं म्हणून ते राजाच्या कानाशी काहीतरी कुजबुजले. राजाची कळी खुलली.

"ऐका रे! पाटाचं पाणी खाली उतरतं, त्यात काय मोठं? ते जमिनीपासून पुरुषभर उंच चढवून दाखवा. मोट नाही, रहाट नाही, घागर नाही, कुणी हात लावायचा नाही. पाणी आपलं आपण चढलं पाहिजे! आठ दिवसांत जमलं तर जुनी पाळी परत. नाही जमलं तर महिन्याची पाळीसुद्धा बंद!"

रावबा नावाच्या शेतकऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. पण त्याची मुलगी गोजरा फिस्सकन हसली.

"हसतेस काय गं?" रावबानं दटावलं.

"आठ दिवस कशाला, आबा?" असं म्हणून गोजरा उठून उभी राहिली. "महाराज, उद्या सकाळीच आंबेखळीला या. फक्त एक करा. पाणी चढलं की नाही, ते तुम्हीच तुमच्या तोंडानं सांगा. दुसऱ्या कुणाचं आम्ही मानणार नाही!"

"कबूल!" राजा म्हणाला. निकाल आपल्याच तोंडी असल्यावर हरायची भीती कसली!

परतताना वाटेत रावबाचा जीव थाऱ्यावर नव्हता. "पोरी, होतं तेवढंही पाणी घालवलंस!"

"आबा, तुम्ही फक्त कोयता परजून ठेवा."

"अरे देवा! राजावर?"

"उसावर हो, आबा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा हत्तीवर बसून आला. मागोमाग पंत. सगळा गाव बांधावर उभा. पाटाच्या तोंडाशी असलेल्या रानात राजा उतरला आणि त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "कुठं चढलंय पाणी?"

गोजरानं कोयत्याच्या एका घावात बुडापासून ऊस तोडला, वरचं पानांचं वाढं छाटलं आणि शेंड्याचं कांडं सोलून राजाला दिलं. "हे खाऊन बघा, महाराज. गोड लागलं तर आम्ही हरलो!"

पंत गालात हसले. ऊसच तो, गोड लागायचाच! त्यांनी राजाला मानेनं खुणावलं. राजानं कांडं कराकरा चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"थू! हा कसला ऊस? गोडाचं नाव नाही! हे तर नुसतं पाणी!"

"पाणी! महाराजच म्हणाले, पाणी!" गाव नाचायलाच लागला. हलगी कडाडली. पटके हवेत उडाले. राजा हातातल्या चोथ्याकडे बघतच राहिला.

गोजरानं उरलेला ऊस त्याच्याशेजारी उभा धरला. "मोजा, महाराज! शेंडा कापूनही तुमच्यापेक्षा वीतभर वरच आहे. पाटाचं पाणी आम्ही मुळाशी सोडलं, शेंड्याला ते आपलं आपण चढलं. मोट नाही, रहाट नाही, घागर नाही!"

"थांबा!" पंत ओरडले. "हे पाटाचंच पाणी कशावरून? उसाच्या अंगचंच असेल!"

"मग चला शेपटाच्या रानात. तिथं पाटाचं पाणी पोचलंच नाही. उसाच्या अंगचं जे काय असेल, ते सगळं तुमचं!"

तिथला ऊस वाळून काठी झाला होता. गोजरानं एक कांडं मोडून पंतांच्या हाती ठेवलं. राजा बघत होता, मागे फिरायची सोय नव्हती. पंतांनी डोळे मिटून चावा घेतला.

कडाक!

"दात! माझा दात!"

"पाणी लागलं का, पंत?" राजानं विचारलं.

"थेंबशुद्धा नाही, म्हाराज!"

राजा आधी खुदकला, मग गदगदून हसायला लागला. पोट धरून तो बांधावरच बसला. "आजपासून जुनी पाळी चालू! आणि पंत, कारंजी बंद करा!"

"शगळी, म्हाराज?"

"एक ठेवा, तुम्हाला गुळण्या करायला!" डोळे पुसत राजा गोजराकडे वळला. "पोरी, काय हवं ते माग!"

"पाटाच्या दाराची किल्ली द्या."

"किल्ली? आणि उद्या मलाच पाणी लागलं तर?"

"मग रांगेत या, महाराज! आंबेखळीनंतर तुमचीच पाळी!"

राजा पुन्हा खो खो हसत सुटला. हसता हसताच त्यानं पंतांच्या कमरेची किल्ली ओढून काढली आणि गोजराच्या हातावर ठेवली.