घासाघिशीवरचा प्रबंध

आठवडी बाजारातल्या घासाघिशीवर सहा वर्षं खपून रेश्मा आतारने अर्थशास्त्राचा प्रबंध लिहिला आणि तोंडी परीक्षेला समोर आले डॉ. सबनीस. विद्यार्थी रडकुंडीला आल्याशिवाय यांची परीक्षा संपत नाही, अशी त्यांची ख्याती! आल्या आल्या त्यांनी प्रबंधाला नावं ठेवायला सुरुवात केली. शीर्षक लांबलचक, तक्ते किचकट, संदर्भ जुने. दोन तास झाले तरी मंजुरीच्या कागदावर सही करायचं नाव नाही. रेश्माच्या मार्गदर्शक बाईंनी तर आशाच सोडली.

"काय हो आतारबाई," शेवटी सबनीस म्हणाले, "सहा वर्षं बाजारात बसून तुम्हाला कळलं तरी काय?"

रेश्माने ठाम आवाजात उत्तर दिलं.

"एवढंच कळलं सर, की ज्याला माल नको असतो, तो नुसतं बघून पुढे जातो. जो दोन दोन तास उभा राहून नावं ठेवतो, त्याला तो घ्यायचाच असतो."

हे ऐकून सबनीसच सगळ्यात आधी खदखदून हसले. त्यांनी कागद पुढे ओढला आणि झोकात सही ठोकली.

"घेतला बाई," ते म्हणाले, "द्या बांधून!"