तांबटगडची हवा

तांबटगडच्या राजाने फर्मान काढलं, की आठ दिवसांत राज्याची हवा बदला, नाहीतर तांब्याची खाण कायमची बंद.

झालं होतं असं. खाणीत पाणी भरलं होतं. ते उपसायला मोठाले रहाट हवे होते आणि खजिन्यात तेवढा पैसा नव्हता. पैसा लावायला दर्यापारचे व्यापारी यायचे आणि दोन दिवसांत काढता पाय घ्यायचे. शेवटचा याकूबशेट तर बंदरावर गलबताची वाट बघत बसला होता. निघताना तो म्हणाला होता, "तांबं भरपूर आहे, महाराज. पण इथली हवा आम्हाला मानवत नाही."

राजा हिंदुराव मनाचा सरळ आणि हट्टाचा पक्का. त्याने ते शब्दशः घेतलं. प्रधानाने रस्त्यांवर गुलाबपाणी शिंपडलं. चाळीस पंखेवाले डोंगरावर चढवून वारा समुद्राकडे ढकलायला लावला. एवढा धूप जाळला, की सगळं गाव खोकत सुटलं.

पाचव्या दिवशी गोजरा दरबारात आली. ती खाणीतून दगडाच्या पाट्या वाहायची, आणि खाण मिटली की तिच्यासकट दोनशे घरांच्या चुली विझणार होत्या. तीन दिवसांत हवा बदलते, म्हणाली. फक्त औषध महाराजांनी घ्यायचं. सकाळी तोंडात पाच पानांचा विडा धरायचा आणि दरबार उठेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत.

"एवढंच?" राजाने विचारलं.

"एवढंच. पण ओठ उघडले की गुण गेला."

पहिल्या दिवशी राजाला पाट्यांवर नवा कर बसवायची लहर आली. गाल फुगवून त्याने हात हलवले. प्रधानाला वाटलं, महाराजांना हत्ती हवाय. हत्ती आला. दुसऱ्या दिवशी मजुरांनी खाणीत उलटं चालत शिरावं, असा कायदा सुचला. राजा स्वतः उलटा चालून दाखवू लागला, तर वाजंत्र्यांनी ताल धरला.

तिसऱ्या दिवशी गोजराच्या सांगण्यावरून याकूबशेटला बोलावलं. त्याने कारकुनाला विचारलं, खाणीवर कर किती? पाचवा हिस्सा. काल किती होता? पाचवाच. आणि परवा? तोही पाचवाच. शेट खाली बसला, आणि तीस वर्षांचा करार लिहून रहाटांचा खर्च त्याने अंगावर घेतला.

राजाने घाईने पिकदाणी जवळ ओढली. "गोजरे, विड्याने हवा कशी बदलली?"

गोजराने हात जोडले. "महाराज, खराब हवा डोंगरावरून येत नव्हती. रोज सकाळी नवा कायदा होऊन ती आपल्याच मुखातून येत होती. मी नुसतं झाकण लावलं."

प्रधान खांबामागे सरकला. राजाचे कान लाल झाले, मग गाल, आणि मग तो असा हसत सुटला की पागोटं मांडीवर पडलं.

"माग, काय हवं ते," तो डोळे पुसत म्हणाला.

"कच्चा दगड गलबतात चढू देऊ नका. भट्ट्या इथंच लावा. बाहेर जाऊ द्या ते घडवलेले हंडे."

याकूबशेटने मान डोलावली. राजाने भट्ट्या मंजूर केल्या आणि त्यांची मुकादम म्हणून गोजरालाच नेमलं.