डोळसबाई

करवंट्याही बोलायच्या, त्या काळची गोष्ट. कोकणातल्या अंबूकाकूंनी नारळ फोडला. डोळे असलेली करवंटी लगेच दुसरीला चिडवू लागली, "अगं आंधळे, तुझं कसं होणार गं?"

काकूंनी आंधळीला बांबूचा दांडा लावून आमटी वाढायची डवली केली. डोळसबाईंत पाणी ओतलं, तर ते डोळ्यातून ठिबकलं.

"ही चुलीतच घालते," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात डवली म्हणाली, "काकू, उन्हानं तुळस मान टाकतेय. हिला तिच्यावर टांगा, दिवसभर थेंब थेंब पाणी देईल."

काकूंनी तसं केलं. तुळस तरारली.

आता डोळसबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "ही जागा मीच हेरली हो! देवानं डोळे दिलेत कशाला?"

आणि डवली आमटीत तोंड बुडवून हसते.