बोरगुंडीतली आईची किक

बोरगुंडीच्या मैदानावर पंचांनी शिट्टी फुंकली तरी सामना सुरू होत नाही. आधी दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूची आई मधल्या वर्तुळात येते, पदर खोचते आणि चेंडूला किक मारते. चेंडू कुठं का जाईना! नवखे पाहुणे हसतात. मग तालमीच्या कट्ट्यावरचे गणपा आण्णा त्यांना शेजारी बसवून घेतात आणि हौसाक्काची गोष्ट सांगतात.

फार वर्षांपूर्वी हौसाक्काचं घर मैदानाला लागून होतं. तिचा दिगू असा खेळायचा, की कोल्हापूरच्या पेठांतली माणसं म्हणे सायकली हाणत त्याला बघायला यायची. बघायची नाही ती एकटी हौसाक्का. काळजीनं तिचा जीव अर्धा व्हायचा. मैदानाकडं पाठ करून ती तांदूळ निवडत बसायची आणि गलका झाला की शेजारणीला विचारायची, "पडला का गं?"

"न्हाई वो आक्का, गोल मारला!"

"मारला ते कळलं. उभा हाय न्हवं?"

मिसरूड फुटतंय तोवरच दिगूला उसात साप चावला, आणि तो गेला.

पुढं गाव चुकलं, पण चांगल्या मनानं चुकलं. आक्काला आठवण नको म्हणून पोरांनी खेळ बंद केला. तिच्या दारावरून जाताना पोरं बोलायचीसुद्धा दबक्या आवाजात. आत हौसाक्का कान लावून बसलेली. एवढ्यात विसरली सगळी माझ्या लेकराला, असं तिला वाटे. की आपलंच काही चुकतंय? तिला बहुतेक वेळा तसंच वाटायचं, म्हणून ती गप्प राहिली.

वर्ष सरलं आणि मैदानात नांगर आला. हौसाक्का तशीच धावत बाहेर आली.

"हे काय मांडलंय?"

गणपा आण्णांचे वडील तेव्हा तालमीचे वस्ताद. ते मान खाली घालून म्हणाले, "आक्का, ऊस लावतोय. मैदान तुमच्या डोळ्यांम्होरं नको."

"ऊस? ज्यात माझं पोर गेलं, त्यो दारात लावताय? आन् ज्यात हसत हुतं, ते मोडताय?"

कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं ते.

हौसाक्कानं घरातून दिगूचा चेंडू आणला, बैलांसमोर ठेवला आणि जीव खाऊन लाथ घातली. चेंडू वीतभर सरकला. चप्पल मात्र बैलांच्या डोक्यावरून उडाली ती थेट गोलात! मग हौसाक्काच आधी हसली, आणि वर्षभर दबून राहिलेलं गाव पोट धरून हसलं. बैल तेवढे गंभीर राहिले, असं सांगतात.

त्याच संध्याकाळी सामना झाला. हौसाक्का मैदानाकडं तोंड करून बसली आणि पंचाशी सगळ्यांत मोठ्यानं भांडली.

आजही आईच्या किकेशिवाय इथं खेळ नाही. परगावच्या ज्या पोराची आई आलेली नसते, त्याच्यासाठी गर्दीतली एखादी बाई उठते, किक मारते, आणि मग सामनाभर हक्कानं त्याच्यावर ओरडत राहते.