उघडी आणि झाकली

फार पूर्वी, होड्यांना वाचा होती तेव्हा, एका खाडीकाठी दोन चपळ होड्या होत्या. एकीचा पुढचा भाग उघडा होता, तिथे बसायला बाकं होती. दुसरीचा पुढचा भाग फळ्यांनी झाकलेला होता.

हरबा तांडेलाला समुद्रातल्या बेटावर सासुरवाडीला जायचं होतं. बायको गोदी आणि दोन मुली बरोबर होत्या. वारा वाढत होता, पण कुठली होडी न्यायची ते ठरेना.

"मला न्या!" उघडी अधीरपणे म्हणाली. "पोरी पुढे बसून सगळं बघतील. तिच्यात मागे कोंबाव्या लागतील."

"ते खरं आहे," झाकली म्हणाली.

सगळे उघडीत बसले. खाडीच्या मुखाशी पहिलीच लाट धाकटीच्या मांडीवर कोसळली. हरबा शीड आणखी ताणणार, इतक्यात होडी कापऱ्या आवाजात म्हणाली, "तांडेल, मागे फिरा. मी धावेन, पण पुढची लाट थेट पोटात घेईन."

"हे आत्ता सांगतेस?" गोदी ओरडली.

"मलाच निवडावं असं फार वाटत होतं, बाई."

ते परतले आणि झाकलीतून गेले. मुली अवघडून बसल्या, वाटभर कुरकुरल्या, पण कोरड्या पोचल्या.

परत येऊन खाडीकाठी उतरल्यावर धाकटीने विचारलं, "आई, उद्या उघडीतून फिरायला जाऊ या?"

गोदी काही बोलायच्या आत काठावरची उघडीच म्हणाली, "खाडीतल्या खाडीत."