एकमताचा विडा

सागरगडचा राजा चंद्रसेन मोठ्या पेचात पडला होता. राज्यातले एक सोडून सगळे शास्त्री सांगत होते, की भट्ट्यांच्या धुराने हवा तापते आहे, समुद्र चढतो आहे आणि किनाऱ्यावरचा कोळीवाडा बुडणार आहे.

भट्ट्या होत्या सरदार खंडेरावांच्या. त्यांनी भर दरबारात आपल्या पदरच्या त्र्यंबकशास्त्र्यांना पुढे केलं.

"हे म्हणतात, समुद्र जागचा हलत नाही. महाराज, शास्त्र्यांचंच एकमत नाही, मग भट्ट्या बंद कशाला करायच्या?"

राजाला हायसं वाटलं. तेवढ्यात धाकटी राणी कमळजा उठली आणि तिने तबकात विडा मांडला.

"समुद्र चढत नाही याची ज्याला खात्री असेल, त्याने हा विडा उचलावा आणि यंदाचा पावसाळा बायकामुलांसकट कोळीवाड्यात काढावा."

सरदारांनी शास्त्र्यांकडे पाहिलं, शास्त्र्यांनी सरदारांकडे. कोणाचाच हात शेल्याबाहेर येईना.

राजाच्या मनात आलं, यांच्या शब्दावर आपण अख्खी वस्ती बुडवायला निघालो होतो?

तबक तसंच उचलून राणी म्हणाली, "महाराज, झालं बघा एकमत."