एकाच मंगळवारचं राज्य

एका राज्यात राजा सोडून सगळ्यांना हरता येत होतं. राजाचं नाव दुर्जयसेन. त्याला सारीपाटाचा भारी नाद, आणि हरणं म्हणाल तर अंगाची लाही व्हायची. म्हणून त्यानं कालकंठ मांत्रिकाकडून तांब्याचं एक घटिकापात्र मिळवलं. ते पालथं घातलं की सरलेला दिवस पुन्हा पहाटेपासून सुरू होई. सगळं जग विसरे, राजाला तेवढं आठवे. मांत्रिकानं एकच अट घातली, "तुझ्या तोंडून 'हरलो' असं निघालं की पात्र फुटेल." राजा हसला. असला शब्द त्याच्या तोंडून कशाला निघतोय!

वाड्याची एक रीत होती. सकाळी देवडीवरचा नगारा जो पहिला वाजवील, त्याच्याशी राजानं त्या दिवशी खेळायचं. चैत्रातल्या एका मंगळवारी कुणा वाटसरू शास्त्रीबुवांनी तो वाजवला. त्या दिवशी फासेच राजावर रुसलेले. दिवस फिरला तरी दानं तीच पडत. राजानं सोंगट्या अशा हलवल्या, तशा हलवल्या. एकवीस वेळा मंगळवार मागे फिरवला आणि एकवीस वेळा हरला. राज्यात बुधवार काही येईना. कैऱ्या पाडाला लागेनात, कोंबड्यांखालची अंडी फुटेनात.

आणि तांबट आळीत राही नावाच्या बाईचं काय झालं ते ऐका. दर मंगळवारी दुपारी तिला मुलगी होई. तिन्हीसांजेला राजा पात्र पालथं घाली, की पहाट होई, राहीचं पोट पुन्हा भरलेलं आणि मांडी रिकामी. एकवीस मुली म्हणू नका हो. एकच मुलगी, एकवीस वेळा हिरावलेली! नवऱ्याला काही आठवत नसे, सुईणीला आठवत नसे. राही एकटी ऊर बडवी.

बाविसाव्या पहाटे आढ्यावरची साळुंकी बोलली. "बाई, आज राज्यात बाळंत होणारी तू एकटीच. कळा सोसणारीची आठवण या जादूनं पुसत नाही." मग तिनं राजाच्या पात्राची सगळी हकीकत सांगितली. "तीन कामं कर. शास्त्रीबुवांच्या आधी नगारा वाजव. राजाला हरव. आणि 'हरलो' हे त्याच्याच तोंडून वदवून घे."

"पहिली दोन झाली समज. तिसरं?"

"ते अजून कुणाला जमलं नाही."

"बघतेच मेल्याकडे," राही म्हणाली आणि पदर खोचून उठली.

नवरा भिकोबा आडवा आला. "अगं, नववा सरला तुझा! निघालीस कुठं?"

"सारीपाट खेळायला. सुईणीला घेऊन मागनं या."

तिनं नगारा असा बडवला की कबुतरं उडाली. राजानं तिला पाहून भुवई चढवली, पण रीत ती रीत. डाव मांडला. कळ आली की राही पटाची कड घट्ट धरी, कळ गेली की फासे टाकी. दुपारी दासींनी लुगड्याचा आडोसा धरला, तिथंच ती बाळंत झाली, आणि लेक छातीशी घेऊन उरलेला डाव जिंकली. राजानं पात्र पालथं घातलं. तोंडात दूध असलेलं पोर नाहीसं झालं.

पहाटे नगारा पुन्हा वाजला.

"काल जिंकले होते मी, महाराज. आजही जिंकणार," राही म्हणाली. राजाचा चेहरा पांढराफटक पडला. आजवर कुणालाच काल आठवला नव्हता. त्या दिवशीही तो हरला, त्या दिवशीही त्यानं पात्र पालथं घातलं.

तिसऱ्या पहाटे त्यानं देवडीवर भालदार उभे केले. राही भाल्यांच्या टोकांपुढे जाऊन उभी राहिली. "पोटुशीला भोसकणारा कोण तो, पुढे या!" कुणी पुढे आला नाही. नगारा वाजला, डाव झाला, मुलगी झाली, राजा हरला.

तिन्हीसांज झाली. राजाचा हात पात्राकडे गेला.

"घाला पालथं," राही म्हणाली. तिला दरदरून घाम फुटला होता, आवाज मात्र खणखणीत. "उद्याही हाच मंगळवार. मी पुन्हा येईन, पुन्हा बाळंत होईन, आणि तुम्ही पुन्हा हराल."

"तू थकत नाहीस?"

"थकते ना! जीव जातो माझा दर वेळी. पण तुम्ही रोज हरा, मी रोज बाळंत होते. बघू आधी कोण कंटाळतं."

राजा पटाकडे बघत राहिला. चोवीस वेळा हरलेला माणूस तो, आणि ते जाणणारी बाई समोर बसलेली. आता लपवायचं तरी कुणापासून? त्याचे ओठ हलले. पुटपुटल्यासारखा तो म्हणाला, "हरलो."

"मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"हरलो, बाई! हरलो!"

घटिकापात्राची दोन शकलं झाली. राजा उठला आणि हात जोडून म्हणाला, "माग, काय हवं ते माग."

"काही नको. त्या भालदारांना वाट सोडायला सांगा. पोरीला घरी न्यायचंय."

रात्र पडली आणि सरली. कोंबड्यांखालची अंडी तडकली, शास्त्रीबुवा पुढच्या गावाला गेले. बुधवारी राहीची लेक एक दिवसाची झाली.